लाजेपायी जीव जाऊ नये

(मंडळाच्या वर्धापनदिनी भगिनींच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी माझे काम ठरलेले असते. सतरंज्या घालायच्या, चिवडा करायचा आणि शेवटी कपबशा मोजून ठेवायच्या. व्यासपीठावर येऊन बोलायचे काम माझे नव्हे. माझी शाळा सातवीनंतर सुटली. त्यामुळे बोलण्यात चूकभूल झाली तर सांभाळून घ्यावे. पण यंदा मीच कार्यवाहबाईंकडे गेले आणि मला पंधरा मिनिटे द्या म्हणून मागितले. विषय ऐकल्यावर त्या जरा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "बोला, पण पुरुषमंडळी चहाला बाहेर गेली की बोला." म्हणून आता दार लावून घेतले आहे.

विषय आहे गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, आणि तो वेळेवर ओळखण्यासाठी आपल्याच महाराष्ट्रातील डॉक्टरांनी केलेले संशोधन. पण आधी घरची गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचे बोलण्याचा मला अधिकार नाही.

माझ्या थोरल्या जाऊबाई तुमच्यापैकी पुष्कळजणींना आठवत असतील. भुलाबाईच्या वेळी त्यांच्याशिवाय गाणे सुरू होत नसे. २०१४ साली त्या पन्नाशीच्या होत्या. पाळी जाऊन दोन वर्षे झाली होती. एक दिवस दुपारी गहू निवडताना त्या मला हळूच म्हणाल्या, "मले पुन्हा अंगावरून जाते वो. कोणाले सांगू नको." मी काय केले असेल? मी म्हटले, "वयाचे असेल, जाईल." मग धने-जिऱ्याचे पाणी झाले, थंडावा म्हणून सब्जा झाला. पुढे एका दवाखान्यात गेलो. तिथे न तपासताच गोळ्या लिहून दिल्या आणि आम्हीही "तपासा" म्हटले नाही. उलट तपासले नाही याचे दोघींनाही बरेच वाटले, हे मी आज कबूल करते. असे दीड वर्ष गेले. जेव्हा कंबरेची कळ सहन होईना तेव्हा मोठ्या दवाखान्यात नेले, आणि रोग पुढे गेला असे कळले. वीज घेतली, औषधे झाली. २०१६ च्या दिवाळीपूर्वी त्या गेल्या.

त्यांचे गुपित मी नीट राखले. ते राखले नसते तर, हा विचार अजून मला झोपू देत नाही.

माझ्या बहिणीची मुलगी नर्सिंगचे शिक्षण घेते. तिच्यापाशी मी एकदा हे सगळे बोलले. ती म्हणाली, "मावशी, हा रोग एका रात्रीत होत नाही. दहा-पंधरा वर्षे तो दारात बसून असतो." मग तिने तिच्या पुस्तकांतून आणि इंग्रजी मासिकांतून मला वाचून दाखवले, मराठीत सांगितले आणि मी वहीत उतरवून घेतले. आज जे आकडे सांगणार आहे ते त्या वहीतले आहेत.

हा रोग एका विषाणूमुळे होतो. हे शोधून काढणाऱ्या हेराल्ड झुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू संसारी बायकांपैकी पुष्कळजणींना आयुष्यात कधी ना कधी लागतो, आणि बहुतेकींच्या अंगातून आपोआप निघूनही जातो. त्यात कोणाचे चारित्र्य बघायचे कारण नाही. काही थोड्या बायकांत मात्र तो वर्षानुवर्षे राहतो. पिशवीच्या तोंडाची कातडी हळूहळू बदलते, आणि त्या बदललेल्या जागेतून पुढे कॅन्सर होतो. ही बदललेली जागा वेळेवर दिसली तर ती गोठवून किंवा तेवढाच तुकडा काढून रोग येण्याआधीच थांबवता येतो. म्हणजे दूध उतू जाण्याआधी गॅस बारीक करण्यासारखे आहे. पण त्यासाठी दुधाकडे कोणीतरी बघायला पाहिजे.

आपण बघू देत नाही, हीच अडचण. आपल्या नागपूरच्या मेडिकलमध्ये शिकलेल्या डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यात दोन गावांतील ६५० बायकांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ साली लॅन्सेट या विलायती मासिकात छापून आला. शंभरातील ९२ बायकांना गर्भाशयाचा किंवा त्या भागाचा काही ना काही आजार निघाला. आणि त्याआधी डॉक्टरकडून अशी तपासणी झालेल्या बायका किती? शंभरात आठ. बाकीच्या साऱ्या जाऊबाईंसारख्याच, "कोणाले सांगू नको" म्हणत होत्या.

आता कोणी म्हणेल, संशोधन म्हणजे अमेरिकेत होते, आपल्याकडे काय होणार. भगिनींनो, तसे नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातील खेड्यातले. तेही नागपूरच्या मेडिकलमध्ये शिकले आणि कोकणात महाडला जाऊन राहिले. तिथे लाल विंचू चावून माणसे, विशेषतः मुले, पटापट मरत. त्यांनी रोग्याच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या. विंचवाच्या विषाने हृदयावर ताण येतो हे ओळखले आणि रक्तदाबाची प्राझोसिन नावाची गोळी द्यायला सुरुवात केली. आधी गंभीर रोग्यांपैकी शंभरात चाळीस दगावत, ते प्रमाण एकावर आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. नीट बघणे, लिहून ठेवणे आणि ताडून पाहणे, याचेच नाव संशोधन.

ताडून पाहणे म्हणजे काय, ते मला लोणच्यावरून समजले. समजा यंदा मी मीठ भाजून घातले आणि लोणचे टिकले. मग ते भाजलेल्या मिठामुळे टिकले, की आंबेच चांगले होते, की यंदा पाऊस कमी झाला? सांगता येणार नाही. पण त्याच आंब्याच्या दोन बरण्या केल्या, एकीत भाजलेले मीठ आणि दुसरीत साधे, तर वर्षाने खरे काय ते कळते. आणि कोणत्या बरणीत कोणते मीठ हेही आपल्या मर्जीने ठरवायचे नाही, नाहीतर आवडती पद्धत चांगल्या बरणीला जाते. आपल्या भिशीत जशी चिठ्ठी काढतो तशी चिठ्ठी काढायची.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉक्टरांनी १९९८ साली अगदी असेच केले. झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वर्षांच्या सुमारे दीड लाख बायका त्यांनी घेतल्या. वस्त्यांचे वीस गट पाडले आणि चिठ्ठी काढावी तसे त्यांचे दोन भाग केले. एका भागातील बायकांची दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा तपासणी केली. दुसऱ्या भागात रोगाची माहिती सांगितली, पण तपासणी केली नाही. तपासणी कोणी केली? मोठ्या डॉक्टरांनी नव्हे, तर साधारण शिकलेल्या बायकांना खास तयार करून त्यांच्याकडून करवून घेतली. आणि औषध काय, तर सिरका. म्हणजे त्यातले पातळ केलेले ॲसिटिक ॲसिड. ते कापसाने पिशवीच्या तोंडाला लावायचे, एक मिनिट थांबायचे आणि उजेडात बघायचे. बदललेली जागा असेल तर ती पांढरी दिसते. यंत्र नाही, प्रयोगशाळा नाही.

बारा वर्षांनी हिशेब झाला. डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी तो २०१३ साली अमेरिकेत डॉक्टरांच्या मोठ्या परिषदेत मांडला. तपासणी झालेल्या भागात या रोगाने होणारे मृत्यू शेकडा ३१ नी कमी झाले होते. साऱ्या देशात अशी तपासणी झाली तर वर्षाला २२ हजार बायकांचे प्राण वाचतील, असा त्यांचा अंदाज होता.

याच बायकांच्या छातीची तपासणीही त्या सेविका दर दोन वर्षांनी हाताने करीत. त्याचा वीस वर्षांचा हिशेब २०२१ साली आला. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत छातीच्या कॅन्सरचे मृत्यू शेकडा तीसच्या आसपास कमी निघाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत तसा फायदा दिसला नाही. न दिसलेला फायदाही त्यांनी छापला, हे मला फार आवडले.

दुसरा अभ्यास बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालयाने टाटा रुग्णालयाबरोबर आणि परदेशी शास्त्रज्ञांबरोबर केला. जिल्हा उस्मानाबाद, ज्याला आता धाराशिव म्हणतात. सुमारे पाचशे गावे आणि ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ बायका. १९९९ साली काम सुरू झाले आणि निकाल २००९ साली आला. त्यांनी चार गट पाडले. एका गटात विषाणूची तपासणी एकदाच केली, दुसऱ्यात पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तिसऱ्यात सिरक्याची तपासणी एकदा केली आणि चौथ्यात काहीच केले नाही. विषाणूची तपासणी झालेल्या ३४,१२६ बायकांपैकी या कॅन्सरने ३४ दगावल्या. काहीच तपासणी न झालेल्या ३१,४८८ पैकी ६४ दगावल्या. म्हणजे एका तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. सिरक्याची तपासणी एकदाच केली तिथे मात्र मृत्यू कमी झाल्याचे ठामपणे म्हणता आले नाही. मुंबईत ती चार वेळा झाली आणि उपयोग दिसला. आपण यातून इतके घ्यायचे की सिरक्याची तपासणी एकदा करून भागत नाही, ती पुन्हा पुन्हा करायची. आणि विषाणूची तपासणी होत असेल तर ती जास्त भरवशाची.

भाचीने ६४ हा आकडा वाचला तेव्हा मी तिला थांबवले. मी म्हटले, लोणच्याची बरणी नासली तर ओतून देता येते, पण बाई म्हणजे काही बरणी नव्हे. ज्यांना तपासलेच नाही त्यांचे काय? ती म्हणाली, "मावशी, हाच आक्षेप मोठमोठ्या विद्वानांनीही घेतला. देशात आणि परदेशातही त्यावर वाद झाला." डॉक्टरांचे म्हणणे असे की त्या काळी देशात कुठल्याच बाईला अशी तपासणी सहज मिळत नव्हती, आणि ताडून पाहिल्याशिवाय सरकारपुढे पुरावा ठेवता आला नसता. दोन्ही बाजू मी ऐकल्या. कोणाचे बरोबर हे ठरवण्याइतके माझे शिक्षण नाही. पण मला एवढे कळते की त्या चौसष्टजणींची नावे आपल्याला माहीत नाहीत आणि त्यांचे ऋण मात्र आपल्यावर आहे. त्यांच्यामुळे जे ज्ञान मिळाले ते हाताशी असून आपण तपासायला गेलो नाही, तर त्यांचे मरण फुकट गेले म्हणायचे.

आणखी एक गोष्ट सांगते, कारण आपल्याकडे "एकदाची पिशवी काढून टाका" म्हणणाऱ्या खूप आहेत. रोग झालाच तर कोणते उपचार बरे, याचाही टाटा रुग्णालयाने पुरावा गोळा केला. रोग मध्यम वाढलेल्या ६३३ बायकांत त्यांनी दोन पद्धती ताडून पाहिल्या. एका भागात आधी औषधे देऊन मग ऑपरेशन केले, दुसऱ्या भागात ऑपरेशन न करता वीज आणि औषधे बरोबर दिली. २०१८ साली निकाल आला. पाच वर्षांनी रोगमुक्त राहिलेल्या बायका ऑपरेशनच्या भागात शेकडा ६९, आणि विजेच्या भागात शेकडा ७७ च्या जवळपास. त्याच वर्षी परदेशातील एका अभ्यासाचाही निकाल आला. रोग अगदी सुरुवातीला असताना पोट उघडून केलेल्या ऑपरेशनपेक्षा दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर तो जास्त वेळा उलटला. डॉक्टरांनाही हे अनपेक्षित होते. दुर्बिणीचे ऑपरेशन दुसऱ्या आजारांत चांगले असेल, पण इथे जुनीच पद्धत बरी ठरली. तात्पर्य, नवे ते सारे चांगले आणि कापून टाकले की संपले, असे नाही. कोणत्या रोग्याला काय द्यायचे हे पुराव्याने ठरवणाऱ्या डॉक्टरकडे जावे आणि मनात असेल ते विचारावे.

आता माझे सांगते. हे सगळे ऐकूनही मी सहा महिने गेले नाही. रोज उद्या म्हणत राहिले. शेवटी एका रात्री घरच्यांना सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटले रागावले. सकाळी उठून त्यांनी गाडी पुसून बाहेर काढली आणि म्हणाले, "चल. वहिनीच्या वेळी आपण उशीर केला."

तपासणी एका बाई डॉक्टरनेच केली. पडदा होता. टेबलावर निजवले, एक साधन आत घालून उजेड पाडला. थोडे दडपल्यासारखे वाटले, सिरका लागला तेव्हा किंचित चुरचुरले. सारे मिळून पाच मिनिटे. चार बाळंतपणे काढलेल्या आपण, या पाच मिनिटांना भितो!

आणि माझी जागा पांढरी निघाली.

बाईंनी सांगितले तेव्हा माझे हातपाय गार पडले. मला जाऊबाईच समोर दिसल्या. त्यांनी लहानसा तुकडा काढून तपासायला पाठवला. ते आठ दिवस मी कसे काढले ते माझे मला माहीत. पोळ्या करपत होत्या, कोणी बोलले तर ऐकू येत नव्हते. अहवाल आला, कॅन्सर नव्हता. पण पुढे होऊ शकेल असा बदल होता. तेवढी जागा गोठवली. संध्याकाळी मी घरी होते. काही दिवस पाणी गेले, मग थांबले. आता सांगितलेल्या तारखांना तपासायला जाते. हेच जाऊबाईंच्या चाळिशीत झाले असते, तर आज भुलाबाईला गाणे त्यांनीच उचलले असते.

म्हणून भगिनींनो, चार गोष्टी लक्षात ठेवा. ३० ते ६५ या वयात काहीही त्रास नसला तरी तपासणी करावी. सरकारने २०१६ साली घालून दिलेल्या नियमात ती पाच वर्षांतून एकदा सांगितली आहे. पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून जाणे, संबंधानंतर रक्त दिसणे, घाण वासाचे पाणी जाणे, यांपैकी काही झाले तर वयाची वाट पाहू नये आणि थंडाव्याची औषधे करू नयेत. ९ ते १४ वर्षांच्या मुलींसाठी या विषाणूची लस आहे आणि पुण्याच्या सीरम संस्थेने ती देशातही तयार केली आहे. ती घेतली तरी मोठेपणी तपासणी करावीच लागते. आणि घरच्या सिरक्याने कोणी काही करू पाहू नये. ती वस्तू दवाखान्यात, माहितगार हाताने वापरायची असते.

आपल्या नागपुरात मेडिकल आहे, मेयो आहे, बायकांसाठी डागा आहे, राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आहे. जवळ पडेल तिथे जाऊन बायकांच्या विभागात विचारावे. विचारायला पैसे पडत नाहीत.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण सारे मारबत पाहायला रस्त्यावर उभे राहतो. सगळी रोगराई घेऊन जा, म्हणून तिला भर रस्त्यात ओरडून सांगतो. तेव्हा लाज वाटत नाही. आणि दवाखान्याच्या बंद खोलीत, एका बाईपुढे, हळू आवाजात दोन शब्द सांगताना मात्र आपली जीभ उचलत नाही. मारबत ऐकते की नाही हे मी जाणत नाही. डॉक्टर ऐकते, हे मी स्वतः पाहिले आहे.

एकटीने जायला भीती वाटते, हे मला ठाऊक आहे. म्हणून अध्यक्षबाईंच्या परवानगीने मी एक वही आणली आहे. ज्यांना जायचे असेल त्यांनी चहाच्या वेळी माझ्यापाशी नाव लिहावे. पाच-पाचजणींनी मिळून जाऊ. मी प्रत्येक वेळी बरोबर येईन आणि बाहेरच्या बाकावर बसेन. वहीत पहिले नाव जाऊबाईंच्या सुनेचे आहे. तिने ते आज सकाळी स्वतः लिहिले.

आता मी चिवडा वाढायला जाते.